पांढरी चारचा टोकाटा

सांगलीला आमच्या घरी मोठ्या काकांची पायपेटी होती. काका हौशी नाट्यमंडळीत साथीला बसायचे आणि त्या वाद्याला पेटी कधीच म्हणायचे नाहीत, 'ऑर्गन' म्हणायचे. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून संगीत नाटकात तोच शब्द रुळलेला. ते वर वाजवायचे आणि मी जमिनीवर बसून खालच्या दोन फळ्या हातांनी आळीपाळीनं दाबत भाता चालवायचो. मध्येच दाबायचं थांबलं की आवाज बारीक होत होत विझायचा, पण सूर मात्र जागचा हलायचा नाही. हा प्रयोग मी पुष्कळदा केला आणि तितक्याच वेळा डोक्यात टपली खाल्ली.

त्यामुळे तीस-एक वर्षांनी, उत्तर इंग्लंडातल्या एका लहानशा गावात शेजारीण जेव्हा म्हणाली, की चर्चला ऑर्गन शिकणारं कुणी हवंय, शिकवणी फुकट, बदल्यात अधूनमधून प्रार्थनेला वाजवायचं, तेव्हा मी फुशारकीनं सांगून टाकलं, "ऑर्गन मला थोडाफार येतो."

जाऊन बघतो तर एकावर एक तीन कीबोर्ड, दोन्ही बाजूंना ओढायचे हस्तिदंती रंगाचे स्टॉप (म्हणजे पाइपांचा कुठला संच वाजवायचा ते ठरवणाऱ्या खुंट्या), आणि पायाखाली लाकडी पट्ट्यांचा आणखी एक कीबोर्ड. मोजल्या, तीस पट्ट्या. भाता विजेवर चालणारा, भिंतीपलीकडच्या खोलीत. माझ्या पायांना एवढंच येत होतं, भाता मारणं. तेवढंच काम तिथं शिल्लक नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त. (मी त्यांना मनात 'बाई'च म्हणतो, इंग्रजीत काय म्हणतो ते जाऊ द्या.) पहिली चार वर्षं भजनं, म्हणजे तिथली हिम, आणि बाखच्या सोप्या रचना यांत गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. पाचव्या वर्षी मी विदोरचा टोकाटा वाजवायचा म्हणून हट्ट धरला. बाईंनी चष्मा पुसला. "सगळे हाच मागतात," म्हणाल्या.

खरंच सगळे हाच मागतात. इंग्लंडात चर्चमधल्या लग्नात नवरा-नवरी बाहेर पडताना हा इतका वाजतो, की आपल्याकडे वरातीला बँडवाल्यांची ठरलेली गाणी असतात तसं त्याचं झालंय. तिथले लोक 'विडॉर' म्हणतात. माणूस फ्रेंच, शार्ल-मारी विदोर, जन्म १८४४, लियोंचा. पॅरिसच्या सँ-स्युल्पिस चर्चमध्ये १८७० साली तात्पुरता म्हणून ऑर्गनवर बसला आणि तब्बल चौसष्ट वर्षं उठला नाही. हा टोकाटा त्याच्या पाचव्या ऑर्गन सिम्फनीचा शेवटचा, पाचवा भाग. साल १८७९. सिम्फनी म्हटलं तरी वाद्य एकच, वाजवणारा एकटाच.

टोकाटा हा शब्द 'स्पर्श करणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आलाय. जुन्या टोकाटात वाजवणारा वाद्याला हात लावून बघतोय असं खरंच वाटतं. बाखचा डी मायनरमधला टोकाटा भुताच्या सिनेमांमुळे सगळ्यांच्या कानात आहे. एक ओळ घाईनं वाजते, थांबते, मोठा कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, येतो, पुन्हा थांबतं, मग भलतीच धाव. आलापीत गवई सुरांची चाचपणी करतो तसं काहीतरी. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंचांनी हे थांबणंच काढून टाकलं. त्यांच्या टोकाटात पहिल्या मात्रेला जे चक्र सुरू होतं ते शेवटच्या पानापर्यंत फिरत राहतं. विदोरच्या टोकाटात हे चक्र उजव्या हाताकडे आहे. एका मात्रेत चार सूर, आठ मात्रांच्या एका मापात बत्तीस, जवळजवळ अखंड सहा मिनिटं. मूळ स्वर एफ, म्हणजे आपली पांढरी चार. काकांची आवडती पट्टी. बाईंना हे सांगून उपयोग नव्हता, मग मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

पहिले दोन महिने फक्त उजवा हात. वाजवायला जागा चर्चचीच, घरी ऑर्गन कुठला! ऑफिस सुटलं की सेवेकऱ्याकडून किल्ली घ्यायची, काळोखातून चाचपडत जाऊन भात्याचं बटण दाबायचं, वारा भरला की वाद्य कण्हल्यासारखा एक आवाज करतं तो ऐकायचा आणि कोट न काढता बसायचं. डिसेंबरात त्या दगडी इमारतीत तोंडातून वाफ निघते. बोटं कापलेले लोकरी हातमोजे घालून मी मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, ६० वर लावायचो. घरी जेवणाच्या टेबलाच्या काठावर तीच बोटं चालायची. मुलगी वैतागून म्हणायची, "बाबा, वरण सांडतंय."

वीसेक मापं वाजवली की कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड व्हायचा. मला वाटलं, ताकद कमी पडतेय. बाईंनी कोपराखाली दोन बोटं धरली आणि म्हणाल्या, "तू पट्टी दाबून ठेवतोयस. सूर लागला, आता सोड." पेटीवर बसलेली सवय. पेटीत पट्टी दाबून धरली की भात्यानं सूर फुगवता येतो, बारीक करता येतो, दाबून ठेवण्यात फायदा असतो. पाइप ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. दाबणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी राहतात, सूर कधी सुरू करायचा आणि कधी सोडायचा. या रचनेत उजव्या हाताच्या सुरांवर स्टॅकॅटोचे ठिपके आहेत. प्रत्येक सूर सोडायचाच आहे. सगळी कला त्या सोडण्यात. किती लवकर सोडला तर सूर टोचतो, किती उशिरा सोडला तर शेजारच्याला चिकटतो, हे ऐकायला शिकण्यात फेब्रुवारी उजाडला. हात दुखायचा थांबला तो त्या नादात कधी थांबला, कळलं नाही.

डावा हात वेगळंच प्रकरण. तो कॉर्ड वाजवतो, पण मात्रेवर बसत नाही. काही मात्रेवर, काही मात्रेच्या अलीकडे-पलीकडे निसटून. उजवा हात सरळ धावतोय आणि डावा त्याला आडून टोचण्या देतोय. बाहेरून ऐकणाऱ्याला उजव्या हाताची कारंजी ऐकू येतात आणि तोच त्यांना अवघड वाटतो. माझ्या मते या टोकाटाचा दात डाव्या हातात आहे. तो बोथट झाला तर उरलेलं सगळं नुसतं झुळझुळ पाणी.

आणि जडपणा! आमच्या ऑर्गनला पट्टी ते पाइप अशी सगळी जोडणी लाकडी पट्ट्या आणि तारांची. दोन कीबोर्ड एकमेकांना जोडणारा स्टॉप ओढला की एक पट्टी दाबताना वरच्या कीबोर्डची पट्टीही सोबत दाबली जाते, म्हणजे बोटावर दुप्पट ओझं. तीन जोडले तर बघायलाच नको. मी विचारलं, मग विदोर हे कसं वाजवायचा? त्याचा ऑर्गन तर पाच कीबोर्डांचा आणि शंभर स्टॉपचा. बाई खूश झाल्या, कारण उत्तर एका इंग्रजाच्या नावाशी येऊन थांबतं. चार्ल्स बार्कर नावाच्या माणसानं एक युक्ती काढली होती. पट्टी दाबली की ती थेट पाइपची झडप ओढत नाही, एका छोट्या भात्यात वारा सोडते आणि तो भाता फुगून झडप ओढतो. बोटानं फक्त इशारा करायचा, श्रम वाऱ्यानं करायचे. आरिस्तीद कावाये-कोल या फ्रेंच कारागिरानं ही युक्ती १८४१ साली सँ-दनीच्या मोठ्या ऑर्गनमध्ये बसवली, आणि १८६२ साली सँ-स्युल्पिसचा ऑर्गन नव्यानं बांधला तेव्हा तिथंही. त्याशिवाय पूर्ण ऑर्गन जोडून इतक्या वेगानं कॉर्ड फेकणं माणसाच्या बोटांना जमलंच नसतं. म्हणजे या रचनेच्या मुळाशी पुन्हा एक भाताच. आमच्याकडे तो नव्हता. तेव्हा एक जोडणी कमी केली, वरचे दोन कर्कश स्टॉप काढून टाकले आणि ओझं बोटांना पेलेल इतपत आणलं. बाई म्हणाल्या, "विदोरला राग येणार नाही. तो दुसऱ्याच कारणानं रागवायचा."

ते कारण म्हणजे वेग. एप्रिलपर्यंत दोन्ही हात एकत्र चालायला लागले होते आणि मला मस्ती चढली होती. यूट्यूबवरचे तरुण हे पाच मिनिटांत संपवतात, मीही मेट्रोनोम रोज दोन-दोन अंशांनी चढवत होतो. एका शनिवारी बाईंनी मला उठवलं. "तू मागे दाराशी जाऊन उभा राहा." आणि माझ्या जागी बसून त्यांनी माझ्याच वेगानं पहिलं पान वाजवलं. मी दाराशी उभा. तिथं येत होतं ते सुरांचं पिठलं होतं. एक सूर छतापर्यंत जाऊन परत येईतो पुढचे सहा निघालेले. डावा हात तर ऐकूच येईना. मग त्यांनी तेच पान हळू वाजवलं, आणि दाराशी उभ्या माझ्यापर्यंत एकेक सूर सुटा, दाण्यासारखा आला. गंमत अशी, की हळू वाजवलेलं मला जास्त वेगवान वाटलं.

पहिल्या छापील प्रतीत विदोरनं मेट्रोनोमचा आकडा ११८ दिला होता. पुढच्या आवृत्त्यांत स्वतःच खोडून तो १०० वर आणला. लोक याला घोड्यावर बसवतात म्हणून तो नाराज असायचा. १९३२ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, सँ-स्युल्पिसमध्ये त्यानं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रण केलं. ते मी त्या रात्री फोनवर लावलं तेव्हा आधी वाटलं, ॲपमध्ये वेग कमी केलेला राहिलाय. तपासला, ठीक होता. म्हातारा खरंच इतका सावकाश वाजवतोय. खरखर आहे, ध्वनिमुद्रण जुनं आहे, पण त्या चालीत एक वजन आहे. पालखी जड असली की भोई पळत नाहीत, तरी सगळ्यांची पावलं एकाच वेळी पडतात, तशी ती चाल.

मी १०० वर आलो. खरं सांगायचं तर ९६.

आता पाय. सुरुवातीची आठ मापं पायांना काम नाही. फक्त हात, आणि तेही पूर्ण जोरात. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, हा असाच आहे, चकचकीत. नवव्या मापाला पेडल, म्हणजे पायाखालचा कीबोर्ड, येतं. लांब, जड, खाली उतरत जाणारे सूर. सोळा फुटी पाइप बोलायला लागतात आणि बाकावर बसलेल्याला ते कानांआधी मांडीखाली कळतं. इतका वेळ ही इमारत जमिनीशिवाय उभी होती आणि आता खालून जमीन आली. विदोरनं आठ मापं पाया रोखून धरला हे मला वाचून माहीत होतं, पण ते कळलं पायांनी वाजवताना.

पुढे तोच नमुना एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जातो. उजव्या हाताची नक्षी तीच, तिच्याखालचा स्वर बदलतोय. आपल्याकडे राग एक धरला की त्याच घरात राहायचं. इथं दर थोड्या वेळानं घर बदलतं, भाडेकरू तोच. मला याचा सुरुवातीला फार त्रास झाला. कान सारखा षड्ज शोधायचा आणि तो सापडेपर्यंत विदोर पुढच्या घरात गेलेला असायचा.

आणि मग मधला भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. आवाज उतरत जातो, अगदी हळू होतो. ऑर्गनमध्ये हे करण्याची तऱ्हा अशी, की पाइपांचा एक संच एका मोठ्या लाकडी खोक्यात असतो. त्या खोक्याला खिडकीच्या झडपांसारख्या फळ्या असतात आणि त्या उजव्या पायाखालच्या एका पायटीनं उघडतात-मिटतात. याला स्वेल बॉक्स म्हणतात. मी त्या भागात आलो, की आवाज हळू म्हणून हातही आपोआप मऊ पडायचे. पेटीवाल्याचे हात ते! बाई मागून ओरडायच्या, "लय गेली! लय गेली!" मला कळेना, कारण मला वाटत होतं मी सुंदर, नाजूक वाजवतोय.

शेवटी एके दिवशी त्यांनी मला वाद्याच्या आत नेलं. बाजूच्या बुटक्या दारातून वाकून, धुळीतून, शिडीवरून. स्वेलच्या खोक्याच्या फळ्यांपाशी उभं केलं आणि कुणालातरी खाली एक कॉर्ड धरून ठेवायला सांगितलं. फळ्या मिटलेल्या होत्या. आतून जो आवाज येत होता तो काही हळू नव्हता. आत पितळी जिभांचे पाइप जीव तोडून ओरडत होते, फळ्या थरथरत होत्या, मी हात लावून बघितला. बाहेर बाकांवर बसलेल्यांना तोच आवाज लांबच्या डोंगरापलीकडून आल्यासारखा वाटत असणार. बाईंनी फळीवर टिचकी मारली आणि काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर मधला भाग वाजवताना मी हात मऊ सोडले नाहीत. या टोकाटातलं 'हळू' म्हणजे शांत नाही, कोंडलेलं आहे. जोर तोच, दार बंद. म्हणून पुढे झडपा इंचाइंचानं उघडत जातात तेव्हा अंगावर काटा येतो, कारण काही नवीन येत नसतं, आत असलेलंच बाहेर येत असतं. आणि पूर्ण उघडल्यावर पहिली ओळ पांढरी चारवर परत येते, या वेळी पेडलचे सूर दोन्ही पायांनी एकदम, एका सप्तकाच्या अंतरावर. दोन्ही पाय कामात, दोन्ही हात कामात, टेकायला काही नाही. कमरेवर तोल सांभाळत बाकावर डावीकडे-उजवीकडे सरकायचं. पहिल्या दिवशी मी बाकासकट मागे गेलो असतो. यासाठी चामडी तळव्याचे खास बूट घ्यावे लागले. बायको म्हणाली, "लग्नातही एवढे महागाचे घेतले नव्हतेस."

लग्नावरून आठवलं. जुलैमध्ये बाईंनी मला एक लग्न दिलं. आठवडाभर आधी निरोप आला, की वधूच्या आईला सगळा टोकाटा नकोय, सुरुवातीचा मोठ्यानं वाजतो तेवढाच, दोन मिनिटं पुरे. बाईंनी परस्पर कळवलं, "पूर्ण वाजेल, नाहीतर दुसरं काहीतरी वाजेल." मला विचारलंही नाही.

त्या दिवशी हात कापत होते, पण आकडा ९६ डोक्यात पक्का होता. पेडल आलं तेव्हा नवरा-नवरी मधल्या वाटेवर होती, ऑर्गनजवळच्या छोट्या आरशात मला तिचा पदर, म्हणजे ते लांब पांढरं कापड, दिसलं. घर बदलण्याच्या भागात पाहुणे उठले, बोलायला लागले, बाकं सरकली. इंग्लंडात ऑर्गन वाजायला लागला की बोलायची मुभा मिळाली असं लोक समजतात. मधल्या भागात मी झडपा मिटल्या तोवर चर्च रिकामं झालेलं. बाहेर फोटो चालू होते, हसण्याचे आवाज येत होते. आत मी, फुलांच्या कुंड्या उचलणाऱ्या दोन बायका, आणि लांब दांडीच्या टोपीनं एकेक मेणबत्ती विझवत येणारा सेवेकरी. जो भाग वाजवायला मला सहा महिने लागले तो ऐकायला एवढेच. वाईट वाटलं नाही. उलट इतका निवांत मी तो आधी कधीच वाजवला नव्हता.

झडपा उघडत गेलो. दोन्ही पायांचं सप्तक बरोबर पडलं, एक सूर चुकला तो कुणाला कळला नसावा. शेवटच्या तीन मापांतले कॉर्ड, एक, दोन, आणि शेवटचा धरून ठेवला. मनात मोजून हात उचलले, पाय उचलले.

सगळं थांबलं, एक सूर सोडून. वरच्या कीबोर्डवरची पांढरी सहा. पट्टी वर आलेली, पण आत कुठंतरी झडप अडकलेली आणि पाइप एकटाच वाजत राहिलेला. मी स्टॉप आत ढकलायला लागलो, घाईत कुठला ते कळेना. सेवेकरी दांडी भिंतीला टेकवून सावकाश आला, माझ्याकडे न बघता त्यानं भात्याचं बटण बंद केलं. वारा कमी होत गेला. काकांच्या पेटीत सूर जागचा हलायचा नाही. हा हलला. हळूहळू घसरत, खाली उतरत, पांढरी पाचच्याही खाली जाऊन बेसूर होत होत विरला.

"उद्या माणूस बोलावतो," सेवेकरी म्हणाला आणि उरलेल्या दोन मेणबत्त्यांकडे गेला.